दोन भादव्यांचं साल

आमच्या ओळीतल्या चुली सकाळी पेटायच्या त्या भरमूच्या हातानं. काडेपेट्या तेव्हा मिळत नव्हत्या असं नाही, बेळगावच्या बाजारात हव्या तेवढ्या मिळायच्या. पण आमच्या कंग्राळी गावच्या बायकांना काडी ओढणं जिवावर यायचं. एका घरात राखेखाली विस्तव झाकून ठेवायचा आणि दिवस उजाडला की बाकीच्यांनी तो न्यायचा, अशी रीत होती. आमच्या ओळीत तो विस्तव असायचा शेजारच्या लक्षुमाक्काच्या घरी, आणि खापरीत घालून घरोघर पोचवायचा तिचा मधला मुलगा भरमाण्णा. त्याला सगळे भरमूच म्हणायचे.

मी नवी सून म्हणून आले तेव्हा पहिल्या सकाळी दार उघडलं तर समोर हा. पस्तिशीचा, दाराच्या चौकटीएवढा बाप्या, कानशिलावर पांढरे केस, दोन्ही हातांत खापरी आणि तिच्यावर वाकून हळूहळू फुंकर. मी दोन पावलं मागे सरले.

"वैनी, इस्तू आणलाय. इझला न्हाय," तो म्हणाला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "भिऊ नगं गं. ल्हान पोर हाय ते."

गावात सगळेच असं म्हणायचे आणि मला ते कधी पटलं नाही. लहान पोर कुठलं? दर सोमवारी न्हाव्यापुढं सगळ्यांत आधी जाऊन बसायचा. पटका स्वतः गुंडाळायचा. वाकडातिकडा व्हायचा, पण दुसऱ्यानं हात लावलेला खपायचा नाही. लग्नकार्यात पोरांच्या पंगतीत बसवलं तर पत्रावळ उचलून सरळ बाप्यांच्या पंगतीत जायचा. मेथीची भाजी वाढली तर ताटाबाहेर काढून ठेवायचा, कुणाला काय वाटेल ह्याची फिकीर नाही. बोलायला उशीर लागायचा, हिशेब कळायचा नाही, दिशा कळायच्या नाहीत. बाकी त्याला काय हवं आणि काय नको, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि असं ठाऊक असलेला माणूस लहान पोर कसा?

विस्तवाची ती रीत खरी कुणी टिकवली हे मला पुढं कळलं. एकदा मी काडेपेटी आणली आणि कौतुकानं सासूबाईंना दाखवली. दुपारी लक्षुमाक्का मागल्या दारानं आली. बारीक, वाळकी बाई, कधी कुणाकडं काही मागायची नाही. आली आणि माझ्या पुढ्यात बसली.

"काडी वढ बाई, माजं काय न्हाय," ती म्हणाली. "पर सकाळचा इस्तू त्याच्याकडनंच घे. तू न्हाय घेतलास तर उद्या दुसरी न्हाय घेणार. मग त्यो उठून करंल काय?"

म्हणजे ओळीतल्या प्रत्येक घरी ही बाई अशी जाऊन आली होती. आपल्या लेकाची कुणालातरी गरज लागावी म्हणून दारोदार विनवत हिंडली होती. मी काडेपेटी फडताळात टाकली ती टाकलीच. असल्या आया आता कुठं आहेत असं म्हातारपणी सगळेच म्हणतात. मी म्हणत नाही. पण तशी मी दुसरी बघितली नाही.

भरमूला देवमाणूस करून सांगणारे मला आवडत नाहीत. गुळासाठी तो चोरी करायचा आणि तोंड चिकट असताना "म्या न्हाय" म्हणायचा. हट्टाला पेटला की उंबऱ्यावर बसायचा, मग घरात जायची आणि यायची सोय नाही. आणि त्याला राग यायचा. थोरल्या भावाच्या, परसूअण्णाच्या पोरानं एकदा गाभण म्हशीला दगड मारला. भरमूनं त्या पोराला काखेत उचललं, गोठ्यात नेलं आणि दावणीला बांधून घातलं, म्हशीशेजारी. पोरगं बोंबलतंय, आणि हा म्हशीचं अंग चोळत उभा. परसूअण्णा काठी घेऊन धावला. भरमू हलला नाही. "तिला लागलंय," एवढंच म्हणत राहिला. त्या दिवशी परसूअण्णानं त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला आवडली नाही. लक्षुमाक्कानंही ती बघितली. त्या रात्री ती जेवली नाही असं तिची थोरली सून सांगत होती.

दुसरी गोष्ट धाकट्या भावाच्या लग्नाची. मारुती निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागला, हुशार निघाला, आणि मालकानं आपली भाचीच त्याला दिली. वऱ्हाड कंग्राळीत आलं. मारुतीच्या कपाळाला बाशिंग बांधलं तशी भरमू पुढं आला आणि म्हणाला, "मला." आधी हसले सगळे. "मला बांध. म्या थोरला हाय." धाकट्याचं आधी का, हा प्रश्न त्यानं सरळ विचारला होता. शेवटी लक्षुमाक्कानं हळदीच्या सुतात फुलं ओवून त्याच्या कपाळाला बांधली आणि त्याला बोहल्याच्या कडेला बसवलं. तो अक्षता पडेपर्यंत ताठ बसला होता. छान दिसत होता, खोटं कशाला सांगू. पण निपाणीची माणसं आपसांत कुजबुजायला लागली, आणि नवी नवरी सासरच्या घरात पहिल्या दिवसापासून भिंतीला धरून चालू लागली. जाताना ती मारुतीला म्हणाली ते मी कानांनी ऐकलं. "ह्यांना आपल्याकडं कधी आणायचं न्हाय."

मग लक्षुमाक्का गेली. तापाचं निमित्त झालं. चार दिवस भरमू तिच्या उशाशी खापरी घेऊन बसला होता, आवला, म्हणजे आईला, थंडी वाजते म्हणून. पाचव्या दिवशी त्यानं खापरी खाली ठेवली आणि आम्हांला बोलवायला आला. "आव गार झाली," म्हणाला.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. परसूअण्णा म्हणाला, "आवे, तुझ्या नावानं अन्नदान करीन." नाही शिवला. मारुती म्हणाला, "तुझ्या नावानं काशी करीन." नाही. झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. शेवटी माझे मामंजी परसूअण्णाच्या कानाशी लागले, आणि त्यानं हात जोडून म्हटलं, "भरमूला अंतर देणार न्हाय." मारुतीनं मान हलवली. कावळा आला आणि चोच मारून गेला. लोक उठायला लागले. भरमू कावळ्याकडंच बघत होता. त्याला वाटलं असणार, आईनंच खाल्लं.

वर्ष सरलं आणि भाऊ वेगळे झाले. बेळगावचे वकील म्हणाले, जन्मापासून असा असलेल्या माणसाला कायद्यानं जमिनीत वाटा नाही, त्याला अन्नवस्त्र द्यायचं. म्हणजे जमिनीचे दोन भाग, आणि भरमू तिसरा. त्याचं काय करायचं ते ठरवायला पंच बसले, त्यांत मामंजी मुख्य. मामंजींचा शब्द गावात मोडत नसे. ते म्हणाले, "गुढीपाडव्यापासनं भादव्याच्या अमावाशेपर्यंत सहा म्हैने परसूकडं. घट बसले की सहा म्हैने मारुतीकडं." दोघा भावांनी गावच्या देवळात देवापुढचा बेलभंडारा उचलला आणि शपथ घेतली. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही. मोडला तर वंश बुडतो, अशी भीती. त्या दिवशी भरमूला देवळात कुणी नेलं नव्हतं. तो गोठ्यात होता.

निपाणीचे सहा महिने कसे जायचे ते त्यानं कधी सांगितलं नाही. सांगायला त्याच्याकडं तेवढे शब्दही नव्हते. मारुतीच्या बायकोला तो घरात नको होता, म्हणून वखारीतच त्याचं अंथरूण. दिवसा तंबाखूच्या चुऱ्यात बसायचा, तिन्हीसांजेला बाहेरून कडी लागायची. मारुती मारायचा नाही, उपाशी ठेवायचा नाही. दोन्ही वेळेला भाकरी मोजून नाही, पोटभर जायची. शपथेत होतं तेवढं सगळं तो करायचा. पहिल्या वर्षी पाडव्याला भरमू परत आला तेव्हा अंगाला उग्र वास आणि सारखा ठसका. दुसऱ्या वर्षी आला तो पटका न घालता. मी म्हटलं, "पटका कुठं?" तर डोक्याला हात लावून बघितलं त्यानं, जणू आत्ता कळलं. तिसऱ्या वर्षी आल्यावर तो म्हशीजवळ गेला आणि तिला ओळखायला त्याला वेळ लागला. आम्हां बायकांत कुजबूज व्हायची, की ह्याला एकेक वर्षी थोडाथोडा कुणीतरी पुसतोय.

इकडं आला की महिनाभरात तो परत माणसांत यायचा. विस्तव न्यायला लागायचा. श्रावणापर्यंत हसायचा सुद्धा. पण गणपतीच्या मूर्ती दिसायला लागल्या की जेवण टाकायचा. गौरी आल्या की झालं, पुढं काय येतं ते त्याच्या अंगाला कळायचं. गौरीच्या गाण्यांचा आवाज आला की हा गोठ्यात जाऊन बसायचा, आणि आम्हांला गाणं गोड लागायचं नाही.

आणि मग ते साल आलं. अधिक महिन्याचं, दोन भादवे असलेलं. पंचांग गावात सगळ्यांना माहीत, धोंड्याचा महिना म्हणून जावयांना अनारशांची वाणं गेली, सगळं रीतसर झालं. पण मामंजींनी पंचायतीत निवाडा दिला तेव्हा अधिक महिना कुणाच्या ध्यानातच नव्हता. तीन वर्षांनी येणारा महिना, कोण धरतंय! पहिला भादवा संपला त्या दिवशी परसूअण्णानं भरमूचं गाठोडं बांधलं.

"पाडव्यापासनं सहा म्हैने भरले," तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

बेळगावच्या स्टँडवर नेऊन त्यानं भरमूला निपाणीच्या मोटारीत बसवलं. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं भरमू परत. मारुतीचा निरोप होता, "भादव्याच्या अमावाशेपर्यंत तुझ्याकडं. निजभादवा, म्हंजी दुसरा भादवा, अजून सगळा हाय." आणि तेही खरं होतं. परसूअण्णानं पुन्हा बसवला. मारुतीच्या माणसानं ह्या खेपेला मोटारीतून उतरूही दिला नाही. तिसऱ्या खेपेला परसूअण्णा त्याला घेऊन निघाला तेव्हा मी दारात होते. म्हटलं, "अण्णा, महिन्याचा तर प्रश्न. आमच्याकडं राहू दे." परसूअण्णा थांबला सुद्धा नाही. "शेजाऱ्याच्या भाकरीवर भाऊ ठेवला म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालंल," म्हणाला. त्या खेपेनंतर भरमू परत आला नाही. आम्हांला वाटलं, मारुतीनं ठेवून घेतला. मनातून बरं वाटलं.

गौरीसाठी माझा भाऊ मला न्यायला आला. माझं माहेर निपाणीच्या पलीकडं. पाऊस लागून राहिला होता. मोटार संकेश्वरला थांबली, इंजिनात पाणी घालायला, आणि आम्ही उतरलो तर समोर वडाखाली पोत्यावर भरमू.

मोटार थांबताच तो गाठोडं घेऊन उठला होता. उतरणाऱ्या एकेका माणसाचं तोंड बघत होता. मला बघून ओळखीचं हसला, पण नजर माझ्या मागं.

"हितं काय करतोस भरमू?"

"डायवर म्हणला, हितं बस. न्यायला येतील."

ड्रायव्हरचा तरी काय दोष. दोन्ही टोकांना उतरून घ्यायला कुणी नाही, म्हणून त्यानं मध्ये उतरवला. चहावाला सांगत होता, दोन्ही दिशांच्या मोटारी आल्या की हा असाच उठतो, सगळे उतरेपर्यंत उभा राहतो आणि परत जाऊन बसतो. भाकरी देतो आम्ही, पाऊस चुकवायला आत ये म्हटलं तर येत नाही. आत आलो आणि न्यायला आले तर दिसणार नाही, म्हणतो. त्याचं अंग भिजून पांढरं पडलं होतं, आणि ठसका छातीतून येत होता.

मी त्याचा हात धरला. "चल माझ्यासंगं."

त्यानं हात सोडवून घेतला. रागानं नाही. "तू न्हवं वैनी. घरचं माणूस येणार हाय."

इतकी वर्षं माझ्या चुलीवर ज्यानं विस्तव ठेवला त्याच्या मी घरची नव्हते. आणि चूक काय त्याची? घरचं माणूस म्हणजे कोण, हे त्याला त्याच्या आईनं शिकवलं होतं, आणि तिनं खोटं शिकवलं नव्हतं. माझ्या भावानं त्याला उचलायचा प्रयत्न केला तर तो वडाच्या मुळाला मिठी मारून बसला.

निपाणीला पोचल्या पोचल्या मी भावाला घेऊन वखारीत गेले. मारुती दारात उभं राहून बोलला. "बरं झालं सांगितलंस आक्का. घट बसतील त्या दिवशी मी स्वतः जाऊन आणतो. त्याआधी आणला तर शपथ मोडती. मला पोरंबाळं हायेत." नवं धोतर सुद्धा घेऊन ठेवलंय म्हणाला. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचाच मला जास्त संताप आला.

भाऊ दुसऱ्या दिवशी कंग्राळीला गेला आणि मामंजींना सांगून आला. तिथं काय झालं ते मला मागाहून कळलं. मामंजी तसेच परसूअण्णाकडं गेले. आयुष्यात कधी कुणापुढं मान खाली न घातलेला माणूस, पण म्हणाले, "परसू, चूक माझी झाली. मी पंचांग बघितलं न्हाय. मी तुला शपथेतनं सोडवतो."

परसूअण्णा म्हणाला, "काका, निवाडा तुमचा होता. शपथ देवाची हाय. ती तुम्ही कशी सोडवणार?"

मामंजींनी मोटार पकडली आणि स्वतः संकेश्वर गाठलं. दिवसभर भरमूशेजारी वडाखाली बसले. हातापाया पडले म्हणे त्याच्या. तो त्यांना म्हणाला, "काका, तुमास्नी बी न्यायला येणार हायेत?" आणि आपल्या पोत्यावर थोडं सरकून त्यांना जागा करून दिली. तिन्हीसांजेला मामंजी आपलं घोंगडं त्याच्यावर टाकून परत आले आणि त्यानंतर ते कधी पंचांत बसले नाहीत.

आता पुढचं आधी सांगून टाकते. पितृपंधरवडा गेला. दोन्ही घरी लक्षुमाक्काच्या नावानं पान ठेवलं गेलं, वेगवेगळं. घट बसले त्या सकाळी मारुती नवं धोतर घेऊन निपाणीहून संकेश्वरला उतरला. परसूअण्णाही बेळगावहून आला, हवाली केलं असं चार लोकांसमक्ष व्हावं म्हणून. दोघं ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आले. शपथेप्रमाणं अगदी बरोबर. वडाखाली ओलं पोतं होतं आणि त्यावर गावातलं एक कुत्रं झोपलं होतं. चहावाला म्हणाला, चार दिवस झाले, सकाळी बघितलं तर नव्हता. नदीला पाणी फार होतं. कुणी म्हणालं बेळगावच्या वाटेला दिसला, कुणी म्हणालं निपाणीच्या. भावांनी थोडं शोधलं. मग तो हरवला तो कुणाच्या महिन्यात ह्यावर दोघांचं तिथंच भांडण लागलं. त्या भांडणानंतर ते दोघं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. इंग्रज गेला त्या वर्षी परसूअण्णा वारला, तेव्हाही मारुती आला नाही.

मी मात्र त्याला त्याआधी आणखी एकदा बघितलं. गौरी-गणपती झाल्यावर मी माहेराहून परत निघाले होते. मोटार माणसांनी भरलेली, पाऊस असा की पुढचं दिसेना. संकेश्वर आलं तशी मी ड्रायव्हरला म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, "जागा न्हाय आक्का, थांबलो तर आणि चार चढतील." नुसता वेग कमी केला त्यानं. वडाखालनं भरमू उठला. मामंजींचं घोंगडं डोक्यावर, गाठोडं छातीशी. मोटारीबरोबर तो चालू लागला, चिखलातून, हळूहळू, एकेका खिडकीत वाकून बघत. माझ्या खिडकीशी आला. मी हाक मारली, काचेवर हात आपटला. त्यानं माझ्याकडं बघितलं, नीट बघितलं, ओळखलं. आणि मग मागच्या खिडकीत कोण आहे ते बघायला तो वळला.